वीजप्रकल्पातले चार टक्के : वॉशिंग्टन राज्यातल्या लोकमालकीच्या वीजसंस्था आणि त्यांची सहमालकी

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात सेंट्रेलिया नावाचे एक लहान शहर आहे. त्याच्याजवळ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोळशावर चालणारा, दोन संचांचा आणि सुमारे १३४० मेगावॉट क्षमतेचा वीजप्रकल्प उभा राहिला. त्याच्या मालकांची यादी वाचताना एखाद्या जुन्या वाड्याचा उतारा वाचल्यासारखे वाटते. पॅसिफिक पॉवर अँड लाइट या खासगी कंपनीचे ४७.५ टक्के, वॉशिंग्टन वॉटर पॉवरचे १५ टक्के, सिएटल आणि टाकोमा या दोन शहरांच्या वीजखात्यांचे प्रत्येकी ८ टक्के, स्नोहोमिश काउंटीच्या पब्लिक युटिलिटी डिस्ट्रिक्टचे ८ टक्के, प्युजेट साउंड पॉवर अँड लाइटचे ७ टक्के, ग्रेज हार्बर काउंटीच्या पब्लिक युटिलिटी डिस्ट्रिक्टचे ४ टक्के आणि शेजारच्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड जनरल इलेक्ट्रिकचे अडीच टक्के. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या, महापालिका आणि ग्रामीण भागातल्या लोकनियुक्त संस्था अशा आठ जणांनी मिळून एकच बॉयलरघर बांधले आणि तरीही या आठांची मिळून एकही कंपनी काढली नाही. ती का काढली नाही, हे कळले की वीजप्रकल्पांच्या सहमालकीचे बरेचसे गणित उलगडते.

आधी पब्लिक युटिलिटी डिस्ट्रिक्ट म्हणजे काय ते पाहू. यापुढे तिला तिथल्याच रिवाजाप्रमाणे पीयूडी म्हणतो. ही कंपनी नव्हे, सहकारी सोसायटी नव्हे आणि सरकारी खातेही नव्हे. मुख्यतः वीज किंवा पाणी पुरवण्यासाठी कायद्याने निर्माण केलेली ती स्थानिक स्वराज्य संस्था आहे, आणि तिची हद्द बहुधा एका काउंटीएवढी, म्हणजे ढोबळमानाने आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी असते. तिचा कारभार पाहणारे आयुक्त, बहुतेक ठिकाणी तीन, पक्षचिन्हाविना मतदारांकडून सहा वर्षांसाठी निवडले जातात. खासगी वीज कंपन्या शहरांत तारा ओढत होत्या, पण विरळ वस्तीच्या शेतांपर्यंत जाणे त्यांना परवडत नव्हते. तेव्हा वॉशिंग्टन स्टेट ग्रेंज या शेतकरी संघटनेने सह्या गोळा करून कायद्याचा मसुदा जनतेपुढे मतदानाला आणला आणि नोव्हेंबर १९३० मध्ये तो मंजूर झाला. पीयूडीला भागधारक नसतात. तिला लागणारे भांडवल ती कर्जरोखे विकून उभे करते आणि ते कर्ज ग्राहकांच्या वीजबिलांतून फेडते. म्हणून पीयूडीचा प्रत्येक चुकीचा निर्णय शेवटी तिथल्या शेतकऱ्याच्या आणि दुकानदाराच्या बिलावर येऊन बसतो. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

पहिली दोन-तीन दशके या संस्थांना स्वतःच्या मोठ्या प्रकल्पाची निकड नव्हती. कोलंबिया नदीवर संघराज्य सरकारने प्रचंड धरणे बांधली आणि त्यांची वीज विकण्यासाठी १९३७ मध्ये बॉनव्हिल पॉवर अॅडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले. ती वीज स्वस्त होती आणि लोकमालकीच्या संस्थांना कायद्याने तिच्यावर अग्रहक्क होता. पण १९६० च्या दशकात नदीवरच्या चांगल्या जागा संपत आल्या आणि मागणी वाढतच राहील असे सगळ्यांनी गृहीत धरले. पुढची वीज कोळशातून किंवा अणूतून काढावी लागेल, असा निष्कर्ष निघाला. इथे अडचण आकाराची होती. औष्णिक प्रकल्प जितका मोठा, तितका प्रत्येक युनिटमागचा भांडवली खर्च कमी पडतो. पन्नास मेगावॉटची गरज असलेल्या पीयूडीने पन्नास मेगावॉटचाच प्रकल्प बांधला तर तो महाग पडतो, आणि तो एकटा संच बंद पडला की त्या दिवशी हाती काहीच उरत नाही. मोठ्या प्रकल्पातला लहान हिस्सा घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

मग सरळ कंपनी स्थापन करून आठ जणांनी शेअर का घेतले नाहीत? भारतात असेच होते. दोन सरकारी संस्थांना मिळून वीजकेंद्र उभारायचे असेल, तर त्या संयुक्त कंपनी काढतात आणि आपापले भागभांडवल घालतात. वॉशिंग्टनमध्ये ही वाट राज्यघटनेनेच बंद केली आहे. १८८९ च्या त्या घटनेच्या आठव्या अनुच्छेदातले सातवे कलम सांगते की कोणत्याही काउंटीने, शहराने किंवा अन्य स्थानिक संस्थेने आपला पैसा, मालमत्ता वा पत कोणा व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या मदतीसाठी देऊ नये आणि कोणत्याही कंपनीच्या शेअरांची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मालक होऊ नये. या कलमामागे एकोणिसाव्या शतकातला कटू अनुभव आहे. रेल्वे आपल्या गावावरून जावी म्हणून अमेरिकेतल्या कित्येक गावांनी कंपन्यांना पैसे दिले, त्यांचे शेअर घेतले, आणि कंपनी बुडाल्यावर कर्ज मात्र गावाच्या माथी राहिले. गरीब आणि अपंगांच्या आवश्यक साहाय्याचा अपवाद सोडला, तर ही बंदी सरसकट आहे. तेव्हा पीयूडीला खासगी कंपनीबरोबर प्रकल्प बांधायचा असेल, तर तिचा एक डॉलरही त्या कंपनीच्या कामी येता कामा नये आणि कंपनीच्या कर्जाची सावलीही पीयूडीवर पडता कामा नये. एकाच चिमणीखाली राहून चुली वेगळ्या ठेवण्यासारखे हे काम आहे.

या पेचावर राज्याच्या विधिमंडळाने १९६७ मध्ये कायदा करून तोडगा काढला. राज्याच्या कायदेसंहितेतले ५४ वे शीर्षक पीयूडींचे आहे आणि त्यातले ४४ वे प्रकरण या संयुक्त प्रकल्पांचे. त्याचा गाभा ‘अविभक्त सहमालकी’ या कल्पनेत आहे, आणि ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. सामाईक विहीर डोळ्यांसमोर आणा. चार भावांच्या वाटण्या झाल्या, शेते वेगळी झाली, पण विहीर एकच राहिली. सातबाऱ्यावर कुणाचा आठ आणे हिस्सा लागला, कुणाचा चार आणे, दोघांचा दोन-दोन आणे. विहिरीची ही कड तुझी आणि ती कड माझी असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक दगडात प्रत्येकाचा हिस्सा असतो. पाण्याची पाळी आणेवारीप्रमाणे आणि गाळ काढण्याचा खर्चही आणेवारीप्रमाणे. मात्र धाकट्या भावाने आपल्या वाट्याचे पैसे भरायला सोसायटीचे कर्ज काढले, तर ते त्याचे कर्ज. थोरल्याच्या चार आण्यांवर त्याचा बोजा चढत नाही.

१९६७ च्या कायद्याने हेच वीजप्रकल्पासाठी लिहून ठेवले. शहरे, पीयूडी, अनेक पीयूडींनी मिळून बनवलेल्या संयुक्त संस्था आणि नियमनाखालच्या खासगी वीज कंपन्या एकत्र येऊन अणुऊर्जेचा किंवा इतर औष्णिक प्रकल्प उभारू शकतात. ज्याने जितक्या टक्के पैसा किंवा मालमत्ता घातली, तितके टक्के प्रकल्प त्याचा आणि तितके टक्के विजेवर त्याचा ताबा. प्रत्येकाने आपले कर्ज आपण उभारायचे आणि त्याचे व्याज आपण भरायचे. एका भागीदाराने दिलेला पैसा दुसऱ्याच्या खात्यात वळवता येत नाही, एकाच्या कर्जापोटी दुसऱ्याच्या हिश्श्यावर बोजा चढवता येत नाही, आणि प्रत्येक जण फक्त आपल्या कृत्यांपुरता जबाबदार राहतो. यातली आणखी एक तरतूद वरवर कारकुनी दिसते, पण माझ्या मते सगळ्यांत वजनदार तीच आहे : प्रकल्पाबाबतची कोणतीही कृती सार्वजनिक संस्थेवर बंधनकारक व्हायची, तर तिच्या नियामक मंडळाने ठराव करून तिला अधिकार किंवा मंजुरी दिलेली असली पाहिजे. मोठी कंपनी प्रकल्प चालवते म्हणून चार टक्केवाल्याच्या वतीने परस्पर सही करू शकत नाही. ग्रेज हार्बरचे मतदार ज्यांना निवडून देतात, त्याच आयुक्तांच्या टेबलावरून कागद गेला पाहिजे.

आता हे चार टक्के प्रत्यक्षात किती आणि कसे, ते पाहू. १३४० मेगावॉटचे चार टक्के म्हणजे ५३.६ मेगावॉट. दोन्ही संच पूर्ण भाराने चालत असले तर दर तासाला ५३.६ मेगावॉट-तास, म्हणजे ५३,६०० युनिट वीज ग्रेज हार्बरच्या हिश्श्याची. एक संच दुरुस्तीसाठी बंद झाला, तर हिस्सा निम्म्यावर, २६.८ मेगावॉटवर येतो, पण शून्यावर येत नाही. बंद पडलेला संच ‘कुणाचा’ हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण दोन्ही संचांत सगळ्यांचे तितकेच टक्के असतात. अविभक्त हा शब्द इथे पैसे कमावून देतो.

खर्चाची वाटणी मात्र एका सरळ टक्केवारीने उरकत नाही. अशा करारांत साधारणपणे दोन वह्या असतात. कामगारांचे पगार, विमा, वार्षिक दुरुस्ती, जमिनीचा खर्च हे वीज काढा वा न काढा होणारच, म्हणून ते मालकीच्या टक्क्यांनी वाटले जातात. कोळसा मात्र ज्याने जितकी वीज मागवली त्याच्या प्रमाणात मोजला जातो. वसंतात बर्फ वितळून कोलंबिया भरभरून वाहते आणि जलविद्युत इतकी स्वस्त होते की कोळसा जाळणे वेडेपणा ठरतो. त्या आठवड्यांत एखादा मालक आपल्या हिश्श्याची वीज मागवतच नाही आणि कोळशाचे पैसे वाचवतो. पण दुसऱ्या मालकाकडे धरण नसेल तर त्याला वीज हवीच असते. इथे यंत्राचा स्वभाव आडवा येतो, कारण मोठा बॉयलर एका ठरावीक भाराखाली नीट जळत नाही. सगळ्यांची मागणी मिळून त्या किमान भाराच्या खाली गेली, तर संच बंद करायचा की नको असलेली वीज मालकांनी वाटून घ्यायची, हे करारात आधीच लिहून ठेवावे लागते. आठ मालकांनी आदल्या दिवशी आपापली तासवार मागणी कळवायची, परिचालकाने, सेंट्रेलियात तो मान सर्वांत मोठ्या हिस्सेदाराचा होता, त्या आठ आकड्यांची बेरीज करून संच चालवायचा, आणि महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्यांवरून आठ बिले काढायची. सहमालकीचे रोजचे रूप इतके साधे, थोडे कंटाळवाणे आहे.

पैशाच्या बाजूलाही याच वेगळेपणाचा उपयोग होतो. पीयूडीच्या कर्जरोख्यांवरचे व्याज गुंतवणूकदाराला सामान्यतः संघराज्याच्या प्राप्तिकरातून माफ असते, त्यामुळे ती कमी व्याजाने पैसा उभारू शकते. पण ही सवलत सार्वजनिक कामासाठी आहे, खासगी कंपनीच्या फायद्यासाठी नाही. प्रकल्प एका संयुक्त कंपनीचा असता, तर कुणाचा डॉलर कुठल्या नळीत गेला हे सांगणे अशक्य झाले असते. हिस्सा कागदावर वेगळा असल्यामुळे सार्वजनिक पैशाने सार्वजनिक टक्के बांधले आणि भागधारकांच्या पैशाने खासगी टक्के, असे स्वच्छ दाखवता येते.

विहिरीच्या दाखल्यातला एक धोका इथेही आहे. सामाईक मालमत्तेतला कोणताही सहमालक सर्वसाधारणपणे कोर्टात जाऊन वाटप मागू शकतो. शेताचे वाटप होते, विहिरीचे जिकिरीने होते, टर्बाइनचे कसे करणार? म्हणून अशा करारांत प्रकल्प चालू असेतो वाटपाचा हक्क सोडल्याचे सर्व मालक सुरुवातीलाच लिहून देतात. एखाद्याने आपला वाटा भरणे थांबवले, तर त्याची वीज रोखण्याची आणि इतरांनी तूर्त ती रक्कम भरून वीज घेण्याची सोय करारात ठेवलेली असते.

आता त्याच राज्यातली दुसरी कथा सांगतो, कारण हिस्सा आणि मालकी यांतला फरक तिच्याइतका स्पष्ट कुठेच दिसत नाही. १९५७ मध्ये १७ पीयूडींनी मिळून वॉशिंग्टन पब्लिक पॉवर सप्लाय सिस्टिम ही संयुक्त संस्था स्थापन केली. १९७० च्या दशकात तिने एकाच वेळी पाच अणुवीजप्रकल्प बांधायला घेतले. तिसऱ्या प्रकल्पात तिचे ७० टक्के आणि चार खासगी कंपन्यांचे मिळून ३० टक्के, तर पाचव्यात तिचे ९० टक्के आणि पॅसिफिक पॉवर अँड लाइटचे १० टक्के अशी खरी सहमालकी होती. परंतु चौथ्या आणि पाचव्या प्रकल्पातल्या या संस्थेच्या हिश्श्यासाठी लागणारा पैसा उभारताना तिने ८८ वीजसंस्थांशी, म्हणजे पीयूडी, नगरपालिका आणि ग्रामीण सहकारी संस्थांशी, वेगळ्या प्रकारचा करार केला. या ८८ जणांनी प्रकल्प विकत घेतला नाही. त्यांनी प्रकल्पाच्या ‘क्षमतेतला’ हिस्सा घेतला आणि कबूल केले की प्रकल्प पूर्ण होवो वा न होवो, वीज मिळो वा न मिळो, रोख्यांची परतफेड आम्ही आपल्या ग्राहकांच्या बिलांतून करू. रोखे विकले गेले ते या कबुलीच्या जोरावर.

खर्च अंदाजांच्या कितीतरी पुढे गेला, विजेची मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही, आणि जानेवारी १९८२ मध्ये चौथा आणि पाचवा प्रकल्प अर्धवट सोडून देण्यात आले. मागे राहिले ते २२५ कोटी डॉलरचे रोखे. रोखेधारकांची विश्वस्त असलेली केमिकल बँक कोर्टात गेली आणि जून १९८३ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यातल्या पीयूडी आणि शहरांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता. कारणमीमांसा वाचण्यासारखी आहे. वीज विकत घेण्याचा अधिकार त्यांना होता, पण ज्यात वीज मिळण्याची खात्रीच नाही, त्याला वीजखरेदी म्हणता येत नाही. प्रकल्पाचे मालक होण्याचा अधिकारही होता, पण या करारात मालकी त्यांच्याकडे नव्हतीच. मग १९६७ च्या संयुक्त प्रकल्पांच्या कायद्याचा आधार घेता येईल का? न्यायालयाने तोही नाकारला, कारण तो कायदा मालकांसाठी आहे आणि मालकाला असतो तसा कारभारावरचा खरा ताबा या सहभागी संस्थांना नव्हता. त्यांची एक समिती कागदावर होती, पण प्रकल्प चालवण्यात तिचा वाटा पुरेसा नव्हता. पुढच्याच महिन्यात संस्थेने हे कर्ज फेडू शकत नसल्याचे मान्य केले. स्थानिक संस्थांच्या कर्जरोख्यांच्या बाबतीत अमेरिकेत तोवर झालेले ते सर्वांत मोठे दिवाळे होते. संस्थेच्या आद्याक्षरांचा उच्चार लोक आधीपासूनच ‘वूप्स’ असा करत होते. आपल्याकडे पाय घसरल्यावर ‘अरेच्चा’ म्हणतात, त्याचा तो इंग्रजी भाऊबंद.

या निकालावर अमेरिकी कायदेपंडितांनी भरपूर टीका केली. रोखे घेणाऱ्यांनी विश्वासाने पैसे दिले होते आणि करार करणाऱ्या संस्थांनीही तो वैध समजूनच केला होता, हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. त्या रोखेधारकांत निवृत्तीची पुंजी गुंतवलेली सामान्य माणसेही होती. तरीही सहमालकीच्या प्रश्नापुरते पाहिले, तर न्यायालयाने बोट योग्य जागी ठेवले. चार टक्के खर्च आणि चार टक्के धोका घेणाऱ्याला निर्णयात काही स्थान नसेल, तर तो मालक नव्हे, जामीनदार आहे. आणि दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्यापासून स्थानिक संस्थेला रोखण्यासाठीच तर घटनेतले ते १८८९ चे कलम आले होते. पाचव्या प्रकल्पात जिची दहा टक्के मालकी खरी होती, त्या पॅसिफिक पॉवरला आपला पैसा गमवावा लागला, पण उरलेल्या नव्वद टक्क्यांचे बुडीत कर्ज तिच्या अंगावर आले नाही. चुली वेगळ्या ठेवण्याचा कायदा आपत्तीतही तसाच लागू झाला.

याच्याशेजारी तिसरा एक प्रकार उभा आहे, ज्याची सहमालकीशी वारंवार गल्लत होते. ग्रँट, शेलान आणि डग्लस या काउंट्यांच्या पीयूडींनी १९५० आणि ६० च्या दशकांत कोलंबियावर स्वतःची धरणे बांधली. प्रीस्ट रॅपिड्स, वॉनापम, रॉकी रीच, वेल्स ही त्यांतली नावे. ही धरणे एकेका पीयूडीचीच आहेत. शेजारच्या खासगी कंपन्यांनी आणि शहरांनी दीर्घ मुदतीच्या करारांनी त्यांच्या विजेतले ठरावीक टक्के घेतले आणि बदल्यात तितके टक्के खर्च उचलला. मुदत संपली की तो हक्क संपतो आणि धरण मालकाकडेच राहते. सहमालकाचा हक्क प्रकल्प असेपर्यंत असतो. शिवाय सहमालक कर्जफेड झाल्यावर जवळजवळ केवळ इंधनाच्या आणि देखभालीच्या खर्चात वीज घेतो, आणि प्रकल्प मोडीत काढण्याची वेळ आली की तो खर्चही त्याच टक्क्यांनी त्याच्याच दारात येतो. महाराष्ट्राच्या संदर्भात सांगायचे, तर सरदार सरोवराची वीज मध्य प्रदेश ५७, महाराष्ट्र २७ आणि गुजरात १६ टक्के अशी वाटली जाते. पण ती टक्केवारी १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यातून आली आहे, भागीदारांनी आपखुशीने केलेल्या करारातून नव्हे.

सेंट्रेलियाच्या आठ मालकांची परीक्षा १९९० च्या दशकात झाली. प्रकल्पाच्या चिमण्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुरामुळे माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात धूसरपणा येतो, अशी तक्रार होती, आणि तो धूर धुऊन काढणारी महागडी यंत्रणा बसवणे भाग होते. इथे सहमालकीची दुखरी बाजू उघडी पडली. एकाच खर्चाकडे आठ जण आठ नजरांनी पाहत होते. कुणाला कोळशाची वीज अजून वीस वर्षे हवी होती, तर कुणाला आपल्या शहरातल्या मतदारांपुढे कोळसा ही अडचण वाटू लागली होती. वीजबाजार खुला होऊ लागल्यामुळे वीज विकत घेणे बरे की स्वतः बनवणे बरे, हाही प्रश्न होता. आणि अर्धी चिमणी धुता येत नाही. या कामात आपले चार टक्के घाला किंवा बाहेर पडा, एवढेच पर्याय उरतात, आणि सुटा चार टक्क्यांचा हिस्सा घेणारा गिऱ्हाईक मिळणे कठीण असते.

शेवटी मालकांनी एकत्रच विकायचे ठरवले. विक्रीच्या सुमारास पोर्टलंडच्या कंपनीचे अडीच टक्के वॉशिंग्टन वॉटर पॉवरने, जिचे नाव तोवर अव्हिस्टा झाले होते, घेतले आणि आठाचे सात झाले. २००० साली ट्रान्सअल्टा या कॅनडाच्या कंपनीने अख्खा प्रकल्प विकत घेतला. गंधक धुणारी यंत्रणा बसली, पहिला संच २०२० च्या अखेरीपर्यंत चालला. तिथून तासाभराच्या अंतरावर, ज्या ग्रेज हार्बर काउंटीच्या पीयूडीकडे सेंट्रेलियातले चार टक्के होते, तिच्याच हद्दीत सॅटसॉप इथे तिसऱ्या आणि पाचव्या अणुप्रकल्पांचे थंडाव्याचे दोन महाकाय मनोरे अजून उभे आहेत. त्यांच्यातून कधीच वाफ निघाली नाही, आणि पायथ्याशी आता उद्योग वसाहत आहे.